परिचारिका परदेशी गेल्या, तर तोटा कोणाच्या वहीत मांडायचा?

तुम्ही मांडलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या रुग्णालयाला जोडून परिचर्या महाविद्यालय आहे, तिथे शिकून तुमच्याच वॉर्डांत हात बसलेल्या परिचारिका दोन-तीन वर्षांत परदेशी जातात, आणि यावरून व्यवस्थापनाच्या बैठकीत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, आपण शिकवायचे आणि दुसऱ्यांनी वापरायचे, हे देशाचे सरळ नुकसान आहे. दुसऱ्याचे म्हणणे, त्या घरी पैसे पाठवतात, त्यात सगळे भरून निघते. शिवाय तिकडच्या स्थानिक परिचारिकांचे पगार यामुळे पडतात का, आणि बॉण्ड (ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार) लिहून घेतला तर ही गळती थांबेल का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी बावीस वर्षे याच कामात आहे. पहिली बारा वर्षे एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत परदेशी नेमणुकांचे काम पाहिले. कोणाला कोणत्या व्हिसावर, किती पगारावर आणि किती महिन्यांसाठी पाठवायचे याच्या फाइली माझ्या टेबलावरून जात. पुढची दहा वर्षे परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या परदेशी भरतीत गेली. त्यामुळे हे उत्तर फाइली हाताळणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्या फाइलींवरून माझे जे मत बनले ते असे की ‘कुशल माणूस परदेशी गेला’ एवढ्यावरून नफा-तोटा सांगता येत नाही. तो कोणत्या कागदावर गेला, हे आधी पाहावे लागते. तुमच्या बैठकीतले दोन्ही तट सगळे आकडे एकाच वहीत मांडतात, म्हणून वाद मिटत नाही. वास्तविक वह्या निदान चार आहेत: कर्मचाऱ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची, पाठवणाऱ्या देशाची आणि घेणाऱ्या देशाची. एका वहीतल्या जमेने दुसऱ्या वहीतला खर्च आपोआप भरून निघत नाही.

आधी कागदाविषयी. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या गॅट्स या सेवा व्यापार कराराने सेवा एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याचे चार मार्ग ठरवले आहेत, आणि त्यातला चौथा म्हणजे सेवा देणाऱ्या माणसाने स्वतः तात्पुरते तिकडे जाणे. व्यापाराच्या वाटाघाटींत याला ‘मोड चार’ म्हणतात. परंतु त्याच कराराच्या एका परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की दुसऱ्या देशाच्या रोजगार बाजारात नोकरी शोधणाऱ्यांना, तसेच कायमची नोकरी, वास्तव्य किंवा नागरिकत्व यांना हा करार लागू नाही. त्यामुळे एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांचा हिशेब वेगळा होतो. कंपनीने आठ महिन्यांसाठी ग्राहकाकडे पाठवलेला प्रोग्रॅमर आपल्याच कंपनीच्या नोकरीत असतो, त्याच्या कामाचे बिल कंपनी लावते आणि ती रक्कम सेवांची निर्यात म्हणून नोंदली जाते. तिकडच्या रुग्णालयाच्या थेट नोकरीत जाणारी परिचारिका मात्र वर्षभराहून अधिक राहणार असल्यास त्या देशाची निवासी मानली जाते, आणि तिने घरी पाठवलेला पैसा वैयक्तिक हस्तांतरण म्हणून नोंदला जातो. पहिल्या प्रकारात पाठवणारी संस्था कमावते, दुसऱ्या प्रकारात कुटुंब कमावते. तुमच्या रुग्णालयाचा वाटा दोन्हींपैकी कशातच नाही, आणि तुमच्या बैठकीतल्या चिडीचे मूळ बहुधा इथे आहे.

कागद किती फरक पाडतो ते एका पेस्लिपवरून दाखवतो. अमेरिकेत एच-१बी या कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात (पहिली कपात पगाराच्या ठरावीक मर्यादेपर्यंत) आणि मालकही तितकेच भरतो. दोन्ही मिळून १५.३ टक्के होतात. तिथले निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांचे अंशदान लागते, आणि व्हिसाची मुदत एरवी सहाच वर्षांची असते. ग्रीन कार्डच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत न लागता जो सहा वर्षांनी परततो, त्याचे आणि त्याच्या मालकाचे सगळे अंशदान तिथेच राहते. अमेरिकेने सुमारे तीस देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत, आणि त्या देशांतून कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत हे अंशदान माफ असते. भारताशी असा करार नाही, जर्मनीशी आहे. आमच्या कंपनीत एकाच प्रकल्पावर एकाच हुद्द्याचे दोघे होते, एक आमच्या जर्मन शाखेतून आलेला आणि एक भारतातून. कामात काडीचा फरक नव्हता, पण भारतातल्याचा खर्च या एका ओळीमुळे कंपनीला जास्त पडत होता आणि त्याच्या हाती येणारी रक्कम कमी होती. साडेपाच वर्षांनी परतताना त्याने मला विचारले, “ते पैसे मागता येतील का?” नाही म्हणून सांगताना मला ओशाळल्यासारखे झाले. त्याने अमेरिकेचे काही घेतले म्हणण्यापेक्षा तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या निवृत्तिवेतनात भर घालून तो आला होता, आणि स्थलांतराच्या वादात ही रक्कम कोणी मोजताना मी पाहिलेले नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्थानिकांच्या पगारांचा. ‘पडतात’ आणि ‘पडत नाहीत’ ही दोन्ही उत्तरे पुराव्यानिशी देता येतात, कारण पगार कोणाचा आणि काळ किती, यावर उत्तर बदलते. बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातल्या अमेरिकी संगणक क्षेत्राचा अभ्यास करून असा अंदाज काढला की परदेशी संगणकतज्ज्ञ आले नसते, तर २००१ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते, आणि त्या क्षेत्रातला अमेरिकींचा रोजगार ६.१ ते १०.८ टक्के जास्त असता. म्हणजे अगदी तेच काम करणाऱ्या स्थानिकाला झळ लागते, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे आहे. त्याच अभ्यासात असेही दिसते की ग्राहकांना वस्तू स्वस्त मिळाल्या, कंपन्यांचा नफा वाढला आणि एकूण जमेची बाजू जड राहिली. दुसरीकडे पेरी, शी आणि स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळातल्या २१९ अमेरिकी शहरांचे आकडे तपासले. शहराच्या एकूण रोजगारात विज्ञान-तंत्रज्ञानातल्या परदेशी कर्मचाऱ्यांचा वाटा एक टक्काबिंदूने वाढला, की पदवीधर स्थानिकांचे वेतन ७ ते ८ टक्काबिंदूंनी आणि पदवी नसलेल्यांचे ३ ते ४ टक्काबिंदूंनी अधिक वाढलेले त्यांना आढळले.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिला शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याविषयी बोलतो, दुसरा संपूर्ण शहराविषयी. परदेशी संगणकतज्ज्ञ आल्यावर प्रकल्प वाढतो, त्याबरोबर विक्री, प्रशिक्षण, हिशेब आणि ग्राहकांशी बोलणी करणारी माणसे लागतात, आणि ती कामे बहुतांशी स्थानिकांकडे जातात, कारण भाषा आणि ओळखीपाळखी त्यांच्याकडे असतात. हे मी प्रत्येक मोठ्या प्रकल्पात पाहिले आहे: आमची माणसे कोड लिहीत, आणि त्यांच्या वरच्या व आजूबाजूच्या जागा तिथल्याच लोकांनी भरलेल्या असत. पन्नाशीला आलेला, नवे काही शिकायला वेळ न मिळालेला स्थानिक प्रोग्रॅमर मात्र या वाढीत मागे राहतो. त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही आणि मग राग व्हिसावर निघतो. व्हिसा आवळल्याने त्याचे काम परत येते, असेही नाही. एच-१बीची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १,९५,००० होती, ती २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आली. त्यानंतर काय झाले याचा अभ्यास ब्रिटा ग्लेनन यांनी केला आहे: या व्हिसावर अवलंबून असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपल्या परदेशी शाखांतली भरती वाढवली, आणि ती मुख्यतः कॅनडा, भारत आणि चीन येथे. माणसाला येऊ दिले नाही, तर काम त्याच्याकडे जाते.

परिचर्येत मात्र हा मार्ग बंद आहे, आणि तुमच्या प्रश्नापुरता हा फरक फार महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअर तारेवरून पाठवता येते. रुग्णाची कूस परदेशातून बदलता येत नाही. परिचारिका मिळाल्या नाहीत, की घेणाऱ्या देशातले रुग्णालय खाटा बंद ठेवते किंवा असलेल्यांना जादा पाळ्या लावते, आणि अशा ठिकाणी परदेशी परिचारिका आल्याने स्थानिकांची नोकरी जाण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. धोका दुसऱ्या बाजूने येतो. परदेशातून माणसे मिळत राहिली, की तिथले मालक आणि सरकार पगार व कामाची परिस्थिती सुधारण्याचे पुढे ढकलतात. पगार प्रत्यक्षात पडत नाही, पण टंचाईमुळे जो वाढायला हवा होता तो वाढत नाही. आकड्यांत हे पकडणे कठीण आहे. मी वाटाघाटींच्या टेबलावर ते प्रत्यक्ष पाहिले आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रतिनिधीने मला सांगितले होते की स्थानिक परिचारिकांची वेतनवाढीची मागणी त्यांनी दोन वर्षे थोपवली, ती आमच्या तुकडीच्या भरवशावर.

यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो कामाचा परवाना, म्हणजे व्हिसा, एकाच मालकाशी बांधलेला असण्याने. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये काळजीवाहू कर्मचाऱ्यांसाठी व्हिसा खुला केला. पुरस्कर्ता मालक (ज्याच्या नावावर व्हिसा मिळतो तो) बदलायचा, तर नवा मालक शोधून अर्ज करावा लागतो, आणि मालकाचा परदेशी माणसे आणण्याचा परवाना रद्द झाला तर कर्मचाऱ्याला साधारण साठ दिवस मिळतात. काही पुरस्कर्त्यांनी माणसे आणली, पण कबूल केलेले तास दिले नाहीत, आणि त्या माणसांना तक्रार करायची सोय नव्हती, कारण तक्रार केली तर व्हिसाच धोक्यात येणार. शेवटी २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरती या मार्गाने बंद झाली. अमेरिकेत २००० च्या कायद्याने एच-१बीवरच्या माणसाला मालक बदलणे सोपे केले, परंतु ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही या नियमामुळे रांग इतकी लांबते की रांगेतला माणूस प्रत्येक हालचाल जपून करतो. जो नोकरी सोडू शकत नाही तो कमी पगारावर राबतो, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या स्थानिकाचा पगारही त्यामुळेच दबतो. स्थानिकांच्या पगाराची काळजी असेल, तर येणाऱ्यांची संख्या कमी करण्यापेक्षा त्यांना मालक बदलण्याची मोकळीक देणे अधिक उपयोगी, असे माझे ठाम मत आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, घेणाऱ्या देशाला एकूण फायदा होतो, तेच काम करणाऱ्या काही स्थानिकांना झळ बसते, आणि ती झळ किती तीव्र असेल हे परवान्याच्या अटींवर ठरते. आता पाठवणाऱ्या बाजूकडे वळू.

‘ब्रेन ड्रेन’ हा शब्दप्रयोग गरीब देशांसाठी घडलेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनचे शास्त्रज्ञ अमेरिकेला जाऊ लागले, तेव्हा तिथे ओरड झाली आणि हा शब्द रूढ झाला. त्यामागची कल्पना सोपी आहे: देशात ठरावीक संख्येने हुशार माणसे आहेत, त्यातली काही गेली की तेवढी कमी झाली. पण माणसे शिक्षण कशासाठी घेतात याचा विचार केला, की ही वजाबाकी बिघडते. फिलिपिन्समधल्या परिचारिकांवर पाओलो अबार्कार आणि कॅरोलाइन थिओहॅरिडीस यांनी केलेला अभ्यास मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. २००० नंतर अमेरिकेने परदेशी परिचारिकांना अधिक व्हिसा दिले, त्याबरोबर फिलिपिन्समध्ये परिचर्येच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि परदेशी गेलेल्या एका परिचारिकेमागे देशात सुमारे नऊ जादा परिचारिकांना परवाने मिळाले. जाण्याची शक्यता सगळ्यांना दिसते. प्रत्यक्षात थोड्याच जातात आणि उरलेल्या देशातच राहतात.

हा निष्कर्ष तुमच्या बैठकीत कोणी वाचून दाखवला, तर त्यावर लगेच मान डोलावू नका. फिलिपिन्समध्ये हे घडले कारण तिथे खाजगी महाविद्यालये भराभर जागा वाढवू शकत होती आणि शुल्क विद्यार्थ्यांची कुटुंबे भरत होती. जिथे जागा सरकारने बांधून दिलेल्या आहेत आणि खर्च सरकारी तिजोरीतून होतो, तिथे मागणी वाढून फक्त प्रवेशाची स्पर्धा वाढते. देश लहान असेल, तर गणित आणखी वाईट होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली, आणि २०२३ च्या यादीत असे ५५ देश नोंदवले जिथून श्रीमंत देशांनी मोहीम काढून भरती करू नये. ही संहिता ऐच्छिक आहे आणि ती कोणत्याही परिचारिकेला स्वतःहून अर्ज करण्यापासून अडवत नाही. दोन सरकारांमधले करारही तिच्यात बसतात.

शिवाय परवानाधारकांची संख्या ही एक गोष्ट, आणि अतिदक्षता विभागातला अनुभव ही दुसरी. काही वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात तुकडीची मुलाखत घ्यायला गेलो होतो. मेट्रनबाईंनी त्यांच्या आयसीयूची ड्यूटी लिस्ट माझ्यासमोर टाकली. गेल्या वर्षापेक्षा नावे जास्त होती, रिकामी जागा एकही नव्हती, आणि कागदावर कोणालाही तक्रारीला जागा दिसली नसती. मग त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या: पाच वर्षांहून अधिक अनुभवाच्या फक्त दोघी. रात्रपाळीत व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, तर नव्या मुली त्या दोघींपैकी जी हजर असेल तिच्याकडे बघत, आणि त्या दिवशी मी ज्यांच्या मुलाखती घेणार होतो त्यांच्या यादीत त्या दोघींचीही नावे होती. परदेशी रुग्णालये सहसा अनुभवी परिचारिका मागतात. बदली मिळते ती नवशिक्या मुलींची. तुमचे नुकसान मोजायचे असेल, तर किती जणी गेल्या हे न मोजता, गेलेल्यांची मिळून अनुभवाची वर्षे किती होती ती मोजा.

पाठवलेल्या पैशाविषयी. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, आणि त्यात अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के होता, म्हणजे सगळ्यांत मोठा. कुशल नोकऱ्यांत गेलेल्यांची संख्या वाढल्याचे हे लक्षण आहे. देशाच्या परकीय व्यवहारांच्या चालू खात्याला यामुळे मोठा टेकू मिळतो, आणि मंदीतही हा ओघ सहसा आटत नाही, कारण घरी अडचण असली की माणूस जास्तच पैसे पाठवतो. पण हा पैसा कुटुंबाकडे जातो. त्यातून भावंडांचे शिक्षण होते, कर्ज फिटते, घर उभे राहते, आणि हे सगळे चांगलेच आहे. तुमच्या आयसीयूत मात्र त्यातून एकही अनुभवी परिचारिका येत नाही. कराच्या रूपाने थोडा भाग सरकारकडे पोहोचतो, तोही रुग्णालयापर्यंत येईल याची हमी नसते. म्हणून ‘पैशाने भरून निघते’ हे म्हणणे देशाच्या वहीत बऱ्याच अंशी खरे आणि तुमच्या वहीत जवळजवळ खोटे आहे. दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

परतणाऱ्यांकडून होणारा लाभ क्षेत्रागणिक बदलतो. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीत एच-१बीच्या आशेने संगणक शिकलेले, पण व्हिसा न मिळालेले किंवा मुदत संपून परतलेले लोक मोठ्या प्रमाणावर होते, हे गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी आकड्यांनी दाखवले आहे, आणि माझ्या जुन्या कंपनीतल्या विभागप्रमुखांची यादी पाहिली तरी तेच दिसेल. परिचारिका परतल्या, तर त्यांच्या अनुभवाला साजेसा हुद्दा आणि पगार देशातल्या रुग्णालयांत क्वचितच असतो, आणि म्हणून त्यांतल्या पुष्कळजणी परतत नाहीत.

एक नुकसान असे आहे जे कोणत्याच वहीत चढत नाही, ते म्हणजे कौशल्य वाया जाण्याचे. जर्मनीत परदेशी परिचारिकेला पूर्ण परवाना मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची, म्हणजे कामावर सफाईने बोलता येईल इतकी, जर्मन भाषा आणि शिक्षणाची अधिकृत मान्यता लागते. अभ्यासक्रमात तफावत आढळली, तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोपर्यंत ती मदतनीस म्हणून काम करते आणि पगारही मदतनिसाचा घेते. आमच्या एका तुकडीतल्या सिस्टरने शस्त्रक्रियागृहात सात वर्षे काढली होती. तिथे पोहोचल्यावर तिची फाइल अडकली आणि दीड वर्ष ती जेवणाचे ट्रे नेत आणि अंथरुणे बदलत होती. त्या दीड वर्षात तिच्या इकडच्या रुग्णालयाने एक शस्त्रक्रियागृहातली परिचारिका गमावली होती आणि जर्मनीला ती मिळालेली नव्हती. मान्यतेची प्रक्रिया निघण्यापूर्वीच पूर्ण करून घेतली असती, तर हे टळले असते. कागद कोणत्या क्रमाने हलवायचे याला माझ्या कामात पगाराइतकेच महत्त्व आहे.

आता बॉण्ड. परत जाण्याइतकेच देश सोडण्याचे स्वातंत्र्यही मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमात आहे, त्यामुळे जाणाऱ्याला अडवण्याचा कोणताही उपाय मुळातच लंगडा असतो. फिलिपिन्सने साथीच्या काळात, २०२० च्या अखेरीस, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशगमनावर वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली होती, आणि तीही पुढे वाढवावी लागली. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात वेगळा मार्ग सुचवला होता: जाणाऱ्यांच्या परदेशी उत्पन्नावर काही वर्षे अधिभार लावावा आणि तो पाठवणाऱ्या देशाच्या विकासाला द्यावा. तत्त्व म्हणून मला ते न्याय्य वाटते, पण वसुली घेणाऱ्या देशाच्या करखात्याने करायची असल्याने ते कागदावरच राहिले. तुमच्या पातळीवरचा बॉण्ड त्याहून साधा आहे, आणि माझा अनुभव असा की तो गळती थांबवत नाही, फक्त तिची किंमत वाढवतो. ती रक्कम बहुतेक वेळा एजंट भरतो आणि व्याजासकट परिचारिकेकडून वसूल करतो, म्हणजे ती कर्ज घेऊनच विमानात बसते आणि तिकडे पोहोचल्यावर वाईट मालकालाही सोडू शकत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा विचार तर कृपया करूच नका. एखादा विशेष अभ्यासक्रम संस्थेच्या खर्चाने झाला असेल, तर त्या खर्चाएवढा, वर्षभराचा, आणि दर महिन्याला घटत जाणारा बॉण्ड मी समजू शकतो, त्यापलीकडचा नाही.

त्याऐवजी घेणाऱ्या मालकाकडे पाहा, कारण खरी बचत त्याची झाली आहे. तिथे एक परिचारिका घडवायला लागणारी वर्षे आणि खर्च त्याला वाचले आहेत. जाण्याआधीच घेणाऱ्या देशाने इकडच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा, आणि त्याच पैशातून इकडेच राहणाऱ्यांचेही प्रशिक्षण व्हावे, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्लेमेन्स बरीच वर्षे मांडत आहेत. जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ या २०१३ पासूनच्या सरकारी कार्यक्रमात परिचारिकांकडून भरतीचे शुल्क घेतले जात नाही आणि भाषेची तयारी निघण्यापूर्वी करून घेतली जाते. प्रशिक्षण संस्थेला मात्र त्यातूनही आपोआप काही मिळत नाही, ते बोलणी करून मिळवावे लागते. तुमच्याकडून दरवर्षी परिचारिका नेणारी रुग्णालये दोन-चारच असतील. त्यांच्याशी थेट लेखी ठरवता येते की ते एका आयसीयू प्रशिक्षकाचा पगार देतील, तुकडी एका महिन्यात न नेता तिमाहीला थोडी-थोडी नेतील, आणि निवड झाल्यावर निघण्याची तारीख किमान सहा महिने आधी कळवतील. मी अशी बोलणी तीनदा केली. दोन वेळा पैसे मिळाले नाहीत, तारखा मात्र तिन्ही वेळा मिळाल्या, आणि मेट्रनबाईंना पैशापेक्षा तारखाच अधिक उपयोगी पडल्या.

बॉण्डचा आणखी एक तोटा आहे, तो तुमच्या बैठकीत कोणी मांडला नसावा. तो लागू झाला, की परिचारिका आपला बेत लपवतात. भाषेचा वर्ग चोरून लावतात, परीक्षेच्या दिवशी आजारपणाची रजा टाकतात, आणि राजीनामा येतो तेव्हा तुमच्या हाती कायद्याने ठरलेली नोटीस तेवढी उरते. वास्तविक पाहता बी-२ पर्यंत पोहोचायला नोकरी सांभाळून सहज एक वर्ष जाते, म्हणजे कोणती सिस्टर जाणार हे तिच्या वर्गातल्यांना वर्षभर आधी ठाऊक असते. मघाच्या त्या रुग्णालयात मेट्रनबाईंनी पुढे बॉण्ड काढून टाकला, भाषेच्या वर्गासाठी पाळ्या बदलून द्यायला सुरुवात केली, आणि त्याबदल्यात एकच गोष्ट मागितली: वर्ग लावला की ड्यूटी लिस्टशेजारी टांगलेल्या वहीत नाव आणि महिना लिहायचा. दुसऱ्या वर्षी मी गेलो, तेव्हा त्या वहीत नऊ नावे होती, आणि प्रत्येक नावासमोर मेट्रनबाईंच्या अक्षरात आणखी एक नाव लिहिलेले होते, त्या जागी कोणाला तयार करायचे त्या मुलीचे.